बावीस महिने मोबिलिटी स्कूटरवर: बॅटरीइतकीच मागच्या पिवळ्या लिव्हरची काळजी घ्या

जानेवारी २०२४ मध्ये मी चार चाकांची मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवर चालणारी बसायची गाडी, घेतली, तेव्हा घेण्यापूर्वी जे जे वाचायला मिळाले ते सगळे वाचले होते. वेग किती, वजन किती पेलते, सीट फिरते की नाही, हे सर्वांनी लिहिलेले असते आणि ते वाचकांना ठाऊक आहे असे मी धरून चालते. परंतु मागच्या चाकाजवळ असलेल्या एका वीतभर लिव्हरविषयी कोणीही दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलेले मला आढळले नाही, आणि त्याच लिव्हरमुळे गेल्या मे महिन्यात मी आमच्या इमारतीच्या रॅम्पवरून मागे घसरत गेले. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मला संधिवात आहे. घरात काठी घेऊन चालता येते, पण रस्त्यावर शंभर पावलांच्या पुढे गुडघे साथ देत नाहीत. आम्ही वडोदऱ्याला कारेलीबागेत राहतो. स्कूटर आल्यानंतर पुष्कळ वर्षांनी मी रोज सकाळी कमाटीबागेत जाऊ लागले. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये उभारलेल्या त्या बागेतले रस्ते रुंद आहेत, सावली आहे, आणि फुलांच्या घड्याळापाशी थांबून ओळखीच्या चार बायकांशी बोलता येते. या सुखाची किंमत पैशांत करता येत नाही. पुढे जी तक्रार आहे ती वस्तू नकोशी झाली म्हणून केलेली नाही, हे आधीच स्पष्ट करते.

मे २०२५ मध्ये एके दिवशी बागेतून परतताना, घरापासून साधारण अर्धा किलोमीटर अलीकडे, स्कूटर थांबली. निघताना बॅटरी किती भरली आहे ते दाखवणाऱ्या दर्शकावर सगळे दिवे हिरवे होते. किल्ली बंद करून पुन्हा फिरवली, तेव्हा ती दहा-बारा फूट चालली आणि परत उभी राहिली. शेजारच्या वहिनींचे दोन मुलगे, एक पंधरा वर्षांचा आणि एक सतरा वर्षांचा, फोन केल्यावर लगेच धावत आले. त्यांनी ढकलायचा प्रयत्न केला, पण चाके जागची हलेनात. मग धाकट्याने मागची पिवळी लिव्हर वर केली आणि स्कूटर अगदी हलकेच पुढे सरकू लागली. मी सीटवर बसूनच राहिले, कारण एवढे अंतर मला चालवले नसते.

या लिव्हरचे काम काय, हे इथे नीट समजून घ्यावे. या स्कूटरला दुचाकीसारखा हाताने दाबायचा ब्रेक नसतो, निदान माझ्या स्कूटरला नाही. मोटरच्या टोकाला स्प्रिंगवर चालणारा विद्युतचुंबकीय ब्रेक असतो. वीजप्रवाह मिळाला की तो सुटतो आणि प्रवाह बंद झाला की स्प्रिंग त्याला आपोआप घट्ट आवळते. स्कूटर चालवण्यासाठी अंगठ्याने दाबायची पट्टी सोडली, किल्ली बंद केली किंवा बॅटरी संपली, तरी स्कूटर जागच्या जागी अडकून राहते, ती याचमुळे. लिव्हर वर केली की हा ब्रेक मोटरवरून सुटा होतो आणि चाके मोकळी होतात. लोक याला ‘न्यूट्रल’ म्हणतात, पण मोटारीतल्या न्यूट्रलशी याची तुलना करणे धोक्याचे आहे, कारण मोटारीत न्यूट्रलमध्येही पायाखाली ब्रेक असतो. इथे लिव्हर वर असताना बसलेल्या माणसाच्या हाती काहीही उरत नाही. पट्टी सोडून उपयोग नाही, किल्ली फिरवून उपयोग नाही. आणि ती लिव्हर सीटच्या मागे, उजव्या चाकाच्या वर असल्यामुळे बसलेल्या माणसाला ती दिसत नाही आणि तिथपर्यंत त्याचा हातही पोहोचत नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्याला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांच्या कडेने गवंड्याकडून रॅम्प करून घेतलेला होता. मुले मला ढकलत रॅम्पवर घेऊन गेली. वरच्या लोखंडी दाराची कडी काढण्यासाठी मोठा मुलगा क्षणभर बाजूला झाला, धाकट्याची चप्पल गुळगुळीत फरशीवर सरकली, आणि मी मागे जाऊ लागले. मी सवयीने अंगठा पट्टीवरून काढून घेतला, कारण दीड वर्ष स्कूटर थांबवण्याची तीच रीत हाताला लागली होती. काहीही झाले नाही. स्कूटर उतारभर मागे आली आणि खाली उभ्या असलेल्या एका दुचाकीवर जाऊन आदळली. मागे उलटू नये म्हणून लावलेली दोन छोटी चाके जमिनीला टेकली, त्यामुळे मी सीटसकट उताणी पडले नाही. डाव्या घोट्याला मार बसला आणि तीन आठवडे बाहेर जाणे बंद झाले. मुलाला काही इजा झाली नाही, याबद्दल मी देवाचे आभार मानते. चूक त्याची नव्हती. लिव्हर वर असताना माणूस बसवून चढावर ढकलायचे नाही, हे त्याला सांगायला हवे होते आणि ते सांगणे माझे काम होते.

घोटा बरा होईपर्यंत मी रॅम्पचे माप घेतले. पायऱ्यांची एकूण उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्पची लांबी २.७ मीटर भरली, म्हणजे चढ एकास सहा झाला. अपंगांसाठीच्या रॅम्पचा चढ एकास बारापेक्षा तीव्र असू नये हा सर्वमान्य नियम आहे. त्या हिशोबाने आमचा रॅम्प ५.४ मीटर लांब हवा होता, म्हणजे नेमका दुप्पट. माझ्या स्कूटरच्या पुस्तिकेत आठ अंशांपर्यंतचा चढ चालेल असे छापलेले आहे, तर आमचा साडेनऊ अंशांचा होता. एकास सहाच्या चढावर स्कूटर आणि माणूस यांच्या एकूण वजनाचा जवळजवळ सहावा हिस्सा मागे ओढत असतो. माझ्या बाबतीत ती ओढ वीस किलोंच्या आसपास होती, आणि ती एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या घसरत्या पायावर आली. आता सोसायटीने मध्ये सपाट जागा आणि वळण देऊन रॅम्प लांब केला आहे, कडेला चार बोटे उंच कठडाही बांधला आहे. रॅम्प बांधण्याआधी गवंड्याच्या हातात माप लिहून द्या, तोंडी सांगू नका.

ब्रेकविषयीचे माझे मत या प्रसंगानंतर पार बदलले. पहिल्या सहा महिन्यांत, पट्टी सोडताच बसणारा तो हिसका मला फार त्रासदायक वाटत असे. मानेला झटका बसे, म्हणून तो मऊ करून द्यावा असे मी मेकॅनिककडे दोनदा मागितले होते. त्याने नकार दिला, तेव्हा मला राग आला होता. आज मी त्या नकाराबद्दल त्याची ऋणी आहे. हिसका टाळण्याचा साधा उपाय म्हणजे थांबण्याच्या चार-पाच फूट आधीपासून पट्टी हळूहळू सोडत यायची. वेगाची खुंटी कासवाच्या चित्राकडे ठेवली की तेवढाही जाणवत नाही.

आता बॅटरीकडे वळते, कारण स्कूटर मुळात थांबली ती तिच्यामुळेच. माझ्या स्कूटरमध्ये १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवरच्या शिशाच्या दोन बंद बॅटऱ्या आहेत आणि त्या जोडून २४ व्होल्ट होतात. विकत घेताना दुकानदाराने सांगितले होते की बॅटरी पूर्ण उतरू द्यावी आणि मगच चार्ज करावी, म्हणजे ती जास्त टिकते. काटकसरीने संसार केलेल्या बाईला हे पटण्यासारखेच होते. मी तीन-तीन, कधी चार दिवसांनी चार्जर लावत असे. हा सल्ला शिशाच्या बॅटरीसाठी साफ चुकीचा आहे. उतरलेल्या अवस्थेत ती जितके तास राहते तितका तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर कडक होत जातो आणि तो पुढे चार्जरनेही विरघळत नाही. मी हिशोब मांडून पाहिला. रिकाम्या बॅटऱ्या पूर्ण भरायला लागणारी वीज, चार्जरमधला तोटा धरूनही, पाऊण युनिटाच्या आत बसते. तेवढी वीज वाचवण्यासाठी मी बॅटऱ्यांची जोडी सोळा महिन्यांत घालवली.

दुकानदाराशी झालेला वाद थोडक्यात सांगते. असा सल्ला आपण दिलाच नाही, असे त्याने म्हटले. बॅटरीची हमी फक्त सहा महिन्यांची असते हे त्याने बिलाच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षर दाखवून सांगितले, आणि नव्या जोडीसाठी साडेअठरा हजार रुपये मागितले. शिवाय चार्जरही बदलावा लागेल असे न तपासताच ठरवून टाकले. मी दोन्ही बॅटऱ्या काढून रावपुऱ्यातल्या एका बॅटरीवाल्याकडे पाठवल्या. त्याने भार लावून, म्हणजे बॅटरीतून वीज खेचत, तपासले, तेव्हा एक बॅटरी ११.५ व्होल्टवर टिकून राहिली आणि दुसरी काही सेकंदांत ९ च्या खाली गेली. भार नसताना मात्र दोन्ही चांगल्या दिसत होत्या, आणि घरून निघताना दर्शकावर सगळे दिवे हिरवे का होते याचे उत्तर तिथे मिळाले. उभ्या स्कूटरवरचा दर्शक खरा मानू नका. सपाट रस्त्यावर पाच मिनिटे चालल्यानंतर तो जे दाखवतो तेवढेच धरा, आणि चढावर एखादा दिवा विझत असेल तर घरी वळा.

मी फक्त बिघडलेली एकच बदलायची म्हणत होते, निम्मे पैसे वाचले असते. बॅटरीवाला म्हणाला, “बेन, एक नवी ने एक जूनी, ए जोडी नहीं चाले.” त्याचे म्हणणे बरोबर होते. दोन्ही एकापाठोपाठ जोडलेल्या असल्यामुळे जुनी आधी उतरते आणि नवीच्या जोराने आणखी खाली खेचली जाते, तर चार्ज होताना दोघींना योग्य वाटा मिळत नाही, आणि काही महिन्यांत नवीही निकामी होते. त्याच्याकडे मोटारीची बॅटरी स्वस्तात मिळत होती, पण तीही त्याने स्वतःहून नाकारली. मोटारीची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करण्यासाठी असते, तासन्‌तास हळूहळू उतरणे तिला सोसत नाही. जोडी ११,८०० रुपयांना पडली, चार्जर जुनाच आहे आणि उत्तम चालतो.

आता मी कितीही थोडे फिरले तरी परत आल्यावर चार्जर लावते आणि हिरवा दिवा लागेपर्यंत, साधारण आठ ते दहा तास, मध्येच काढत नाही. उन्हाळ्यात मात्र स्कूटर तापलेली असेल तर आधी तासभर सावलीत निवू देते. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांना धरून सांगितलेले असते आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मे होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो, म्हणून पत्र्याच्या शेडमधली जागा सोडून मी जिन्याखालची हवेशीर जागा मागून घेतली. चार्जरवर कापड टाकू नये आणि कोंडलेल्या खोलीत चार्ज करू नये. गावाला जायचे असेल तर पूर्ण चार्ज करून किल्ली काढून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा कोणाकडून तरी पुन्हा चार्ज करून घ्यावी.

पाण्याबद्दल एवढेच सांगते की घोट्याएवढ्या पाण्यातूनही ती नेऊ नये, कारण मोटर जमिनीपासून फार वर नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पाणी आवारात शिरण्याआधी वॉचमन आणि माझ्या पुतण्याने सीट, बॅटऱ्या आणि मागचा भाग सुटा करून पहिल्या मजल्यावर नेला. ही जुळणी सुटी करण्याचा सराव कोरड्या दिवशी करून ठेवलेला असावा.

आणखी एक बायकांसाठी. चढता-उतरताना किल्ली बंदच असू द्या. एकदा माझ्या पिशवीचा बंद पट्टीत अडकला आणि मी एक पाय जमिनीवर ठेवलेला असताना स्कूटर पुढे सरकली होती. साडीचा पदर कमरेला खोचून, निऱ्या गुडघ्यांखाली दाबून बसावे, म्हणजे मागच्या चाकाकडे काही जात नाही. फुटपाथची कड सरळ समोरून चढावी, तिरपी कधीही नाही, आणि उतारावर वळू नये.

पुन्हा त्या लिव्हरकडे येते. मी तिला तांबडी नाडी बांधली आहे. लिव्हर वर असली की नाडी सीटच्या कडेवर येऊन मला दिसते, खाली असली की दिसत नाही. शेजारी मराठीत आणि गुजरातीत चिठ्ठी चिकटवली आहे, “वर असताना ब्रेक नाही. माणूस उतरवूनच ढकलणे.” मला उतरवायचे तर आता घरातून घडीची खुर्ची आणतात, मी तिच्यावर बसते आणि रिकामी स्कूटर वर जाते. बसण्याआधी मी नाडी पाहते, मग पट्टी न दाबता हँडल धरून स्कूटर पुढे-मागे ढकलून पाहते. हलली तर बसत नाही.

स्कूटर बनवणाऱ्यांना मी जूनमध्ये पत्र लिहिले आहे. लिव्हर वर असेपर्यंत वाजणारी छोटी घंटी आणि बसलेल्या माणसाच्या हाताशी एक साधा यांत्रिक ब्रेक, एवढ्या दोनच मागण्या केल्या आहेत. पोच आली, उत्तर आले नाही. या आठवड्यात रॅम्पचे माप आणि नाडीचा फोटो जोडून दुसरे पत्र पाठवत आहे.