खात्रीचं भाडं माझ्याच पैशातून येत होतं

उपनगरातल्या मॉलमध्ये गाळा घेऊन मी निवृत्तीची निम्मी पुंजी घालवली. ‘खात्रीचं भाडं’ म्हणत कुणी गाळे विकताना दिसलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून हे लिहिते आहे.

आम्हाला मॉल दाखवला तो रविवारी संध्याकाळी. सरकत्या जिन्यापाशी रांग, पाय ठेवायला जागा नाही. मी गर्दी पाहिली. किती जणांच्या हातात पिशव्या आहेत ते पाहिलं नाही. मंगळवारी दुपारी एकदा चक्कर मारली असती तर तेही दिसलं असतं.

बोलणं सरळ होतं. तीन वर्षं दरसाल 12 टक्के मिळणार, पुढे बाजारभावाने भाडं. तळमजल्यावरच्या मोठ्या दुकानाचा 15 वर्षांचा करार झालाय, ते कुठे जात नाही. पहिली तीन वर्षं पैसे तारखेला जमा झाले. मी बहिणीलाही आग्रह केला होता. तिच्याकडे रक्कम नव्हती म्हणून ती वाचली.

चौथ्या वर्षी पैसे थांबले. तेव्हा शेजारच्या गाळेवाल्याने आपलं खरेदीखत दाखवलं. त्याने हमी घेतली नव्हती, आणि तेवढाच गाळा मला जिथे शंभराला पडला तिथे त्याला सत्तरला मिळाला होता. तीन वर्षांत शंभरावर 36 हातात आले, त्यातले 30 मीच आधी जास्तीचे भरले होते. हमी लिहून देणारी कंपनीही मॉलची नव्हती. वेगळीच, नवी काढलेली, जिच्याकडे वसूल करण्याजोगं काही नव्हतं.

तेवढ्यात मोठं दुकान गेलं. करार 15 वर्षांचा खरा, पण लॉक-इन, म्हणजे करार सोडता येत नाही ती मुदत, फक्त तीन वर्षांचं होतं. नंतर सहा महिन्यांची नोटीस दिली की मोकळे. ते पान आम्हाला कुणी दाखवलं नाही, आम्हीही मागितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या ब्रँडांच्या करारात कलम होतं की मोठं दुकान बंद झालं तर ठरलेलं भाडं न देता विक्रीतला हिस्सा द्यायचा, नाहीतर बाहेर पडायचं. वर्षभरात आमच्या मजल्यावर शटरच शटर. काचेच्या छताखाली गळतीला बादली ठेवलेली असायची.

मॉलचा धंदा चालतोच असा. 1956 साली अमेरिकेत एडिना इथे व्हिक्टर ग्रुएन यांच्या आराखड्यावर साउथडेल हा बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. त्यात दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स आणि मध्ये छोटी दुकानं होती. मोठ्याला सवलतीच्या भाड्यात बसवायचं आणि त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जिवावर छोट्यांकडून जास्त भाडं घ्यायचं, हे गणित पुढे जगभर गेलं. मोठा निघाला की छोटे उभे राहत नाहीत. ओहायोतला रँडल पार्क मॉल 1976 मध्ये उघडला तेव्हा जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलांत मोडायचा. 2009 मध्ये तो बंद पडला, आता त्या जागी ॲमेझॉनचं गोदाम आहे.

गाळा मी शेवटी स्वतः टेपने मोजला. कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, कागदावरच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी निघाला. मेंटेनन्स मात्र पूर्ण आकड्यावर, आणि दुकान बंद असलं तरी चालूच.

टोकन देण्याआधी मोठ्या दुकानाच्या नोंदणीकृत भाडेकराराची प्रत मागा, लॉक-इनचं पान स्वतः वाचा. हमीशिवायचा भाव लेखी विचारा. हमी देणाऱ्या कंपनीचे ताळेबंद पाहा. यातलं एकही द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.