फुकटच्या जागेचं २,९०० रुपयांचं तिकीट

ज्योतिबाच्या डोंगराकडे बोट दाखवून एकतीस वर्षं मुलांना लाव्हाचे थर शिकवले. आपला मुलूख काळ्या कातळाचा. वाऱ्याने साठवलेली वाळू दगड होऊन उभी राहते, हे मी फक्त पुस्तकात वाचलेलं. म्हणून शाहूपुरीतल्या एका ट्रॅव्हल एजंटने अबुधाबीजवळचं अल वथबा, म्हणजे दगड झालेल्या वाळूच्या टेकड्या (‘फॉसिल ड्यून्स’), दाखवतो म्हटल्यावर मी, हे आणि नातू, तिघांची नावं लगेच दिली.

दुबई-अबुधाबीच्या पॅकेजमध्ये बस धरलेली होती. अल वथबा मात्र ‘ऑप्शनल’, माणशी २,९०० रुपये. त्यात काय काय येतं विचारलं तर म्हणाला, “काकू, प्रवेश तिकीट, गाईड आणि सर्टिफिकेट. संरक्षित जागा आहे, परवान्याशिवाय आत सोडत नाहीत.” कागदावर डायनासोरचं चित्र. आणि पैसे ऑफिसच्या खात्यावर नकोत, जीएसटी वाचेल, म्हणून कुणा मुलाच्या नंबरवर पाठवायला लावले. मी पाठवले, ८,७०० रुपये. पक्की पावती मागितली तर “तिकडून आल्यावर देतो.”

शहरापासून पाऊण तासावर आम्ही उतरलो. तिथे तिकीटखिडकीच नव्हती! लोक मुलाबाळांसह सरळ आत चालले होते. हातातलं कूपन पाहून पहारेकरी गोंधळला. आमचा केरळचा ड्रायव्हर म्हणाला, “आंटी, यहाँ तो सबके लिए फ्री है.” २०२२ मध्ये ही जागा लोकांसाठी खुली झाली, तिथल्या पर्यावरण खात्याकडे तिची देखभाल आहे आणि प्रवेशाला एक दिरहमही लागत नाही. गाईड आलाच नाही. चाळीस मिनिटांत परत या, असा टूर मॅनेजरचा हुकूम. दोन दरवाजांमधली पायवाट तीन किलोमीटरची. नातवाला घेऊन निम्मीही झाली नाही.

जागा मात्र विलक्षण आहे, हे सांगितलंच पाहिजे. लाटांसारख्या वळणांचे, कुठे कुठे कमरेत बारीक झालेले खडक. वाळूत शंखशिंपल्यांचा चुना होता. भूजलात तो विरघळला आणि पुन्हा कणांमध्ये बसून वाळू घट्ट झाली. मऊ भाग वाऱ्याने नेला, टणक उरला. टेकडीवर वारा कुठून वाहत होता, ते त्या तिरप्या थरांवरून आजही वाचता येतं. म्हणजे इथे जीवाश्म आहे तो टेकडीचा. डायनासोर शोधत नातू हिरमुसला.

परतताना बसमध्ये टूर मॅनेजरने डब्या काढल्या: ‘अल वथबाचा अस्सल फॉसिल’, ५०० रुपये. नातवाच्या हट्टापुढे ह्यांनी एक घेतली. मला तेव्हाच राग आला होता, कारण माल खरा असेल तर संरक्षित जागेतून दगड उचललेला आणि खोटा असेल तर उघड लुबाडणूक. घरी आल्यावर व्हिनेगर टाकलं. चुन्याने सांधलेल्या वाळूवर बुडबुडे यायला हवेत. एकही आला नाही. नखाने पांढरी भुकटी निघाली, प्लास्टर!

एजंटकडे गेलो तर म्हणे, ते बसचं भाडं होतं. पॅकेजचा कागद दाखवल्यावर दीड हजार देतो, कुठे बोलू नका म्हणाला. मी नाही म्हटलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते.

माझ्याकडे पॅकेजचा कागद, कूपन आणि पैसे पाठवल्याची नोंद आहे. इचलकरंजीच्या दोन कुटुंबांनी त्याच नंबरवर पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट दिलेत. आणखी कुणी त्या नंबरवर पैसे दिले असतील, तर फोनमधली नोंद आणि एजंटचे मेसेज पुसू नका.