आठवड्यातून एक तास, आठ महिने: बालनिरीक्षणाच्या सरावाचा अनुभव

बालकल्याणाच्या क्षेत्रात समाजकार्यकर्ता होण्यासाठी जे प्रशिक्षण घेत आहे, त्याचा भाग म्हणून गेले आठ महिने मी दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी, एकाच मुलाचे त्याच्या घरी तासभर निरीक्षण करीत आहे. हा सराव ऐच्छिक असल्यामुळे तो घ्यावा की नाही या विचारात जे असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पद्धतीचा मूळ सांगाडा मनोविश्लेषक एस्थर बिक यांचा. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९४८ साली बालमनोचिकित्सकांच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी ती सुरू केली. त्यात बाळाला जन्मापासून दोन वर्षांचे होईपर्यंत पाहिले जाते. आमच्या वाट्याला तिचे आखूड रूप आले आहे. नियम मोजकेच आहेत: तिथे असताना काहीही लिहायचे नाही, सल्ला द्यायचा नाही, आपणहून खेळात शिरायचे नाही, आणि बाहेर पडल्यावर आठवेल ते सगळे घडले त्या क्रमाने लिहून पुढच्या बैठकीत गटापुढे वाचायचे. अर्थात मुलाला धोका दिसला तर गप्प बसण्याचा नियम तिथेच संपतो, हे पालकांची संमती घेतानाच सांगितलेले असते.

माझ्या पहिल्या नोंदीत ‘मूल आनंदाने खेळत होते’ असे वाक्य होते. मार्गदर्शक बाईंनी ‘आनंदाने’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि ‘हे कशावरून?’ एवढेच विचारले. मला सांगता येईना, कारण मुलाचा चेहरा मी पाहिलाच नव्हता. ते माझ्याकडे पाठ करून बसले होते.

तिसऱ्या महिन्यातला एक प्रसंग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. मूल तेव्हा अडीच वर्षांचे होते आणि बुटाच्या वेल्क्रोचा पट्टा उघडून पुन्हा चिकटवण्यात गुंगले होते. आई उठून आतल्या खोलीत गेली. मूल रडले नाही, म्हणून मी लिहिले, ‘आई गेल्याचे त्याला काही वाटले नाही.’ गटात एकीने विचारले की आई नसताना तो पट्टा किती वेळा उघडला गेला. आठवू लागल्यावर एकेक गोष्ट वर आली: आई उठताच हात अर्ध्यावर थांबला होता, नजर दाराकडे गेली होती, मग पट्टा आधीपेक्षा बराच भराभर ओढला जाऊ लागला होता, आणि आई परतल्यावर मुलाने तिच्याकडे पाहिले नाही, पण बूट ओढत नेऊन तिच्या पायाला पाठ टेकवून ते बसले होते. हे सगळे मी पाहिले होते, तरीही माझ्या एका वाक्याने ते पुसून टाकले होते.

दुसरा धडा अधिक बोचरा निघाला. एकदा आई बराच वेळ फोनवर बोलत होती आणि त्याचा मला राग आला. त्या दिवशीच्या नोंदीत फोनवर अख्खा परिच्छेद होता आणि त्याच वेळातल्या मुलावर जेमतेम एक ओळ. गृहभेटीत मोठी माणसे बोलत राहतात आणि मूल खोलीत असूनही अहवालात सापडत नाही, असे आम्हाला वर्गात शिकवले होते. मी तेच करीत होते.

तोटेही सांगायला हवेत. तासाभराच्या निरीक्षणाची नोंद लिहायला मला दोन तास लागतात आणि ती त्याच संध्याकाळी लिहावी लागते. दुसऱ्या दिवसावर ढकलली की सुरुवात आणि शेवट तेवढे उरतात, मधला भाग मन स्वतःच जुळवून टाकते. गटाशिवाय या सरावाला निम्माही अर्थ नाही. आमच्या संस्थेत दीड महिना बैठका झाल्या नाहीत, तेव्हा माझ्या नोंदी पुन्हा शेऱ्यांनी भरू लागल्या. शिवाय प्रत्यक्ष गृहभेटीत प्रश्न विचारायचे असतात, अर्ज भरायचे असतात, कधी दारातच विरोध होतो. तिथे शांतपणे बसून पाहण्याची मुभा नसते, आणि त्याची तयारी हा सराव करून देत नाही.

तरीही हे काम केवळ तज्ज्ञांचे आहे असे समजून कोणी मागे हटू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील बालगृहांत सगळ्याच कर्मचाऱ्यांना मुलांविषयीची निरीक्षणे कार्डांवर लिहावी लागत. त्यांत बॉयलर सांभाळणारे जेम्स रॉबर्टसनही होते. पुढे तेच मानसोपचार क्षेत्रातले समाजकार्यकर्ते झाले आणि रुग्णालयात आईवडिलांपासून दूर ठेवलेल्या मुलांची त्यांनी केलेली निरीक्षणे भेटीचे कडक नियम सैल होण्यास कारणीभूत ठरली.

माझ्या नोंदींत ‘हट्टाने’ हा शब्द अजूनही अधूनमधून येतोच. मागच्या आठवड्यात तो खोडून ‘तीनदा हाक मारूनही उठले नाही’ असे लिहिले. मग मूल कुठे, कसे बसले होते तेही लिहायला घेतले, तेव्हा लक्षात आले की हाक मारणाऱ्याकडे त्याची पाठ होती आणि शेजारी टीव्ही मोठ्याने चालू होता.