फोटोत दणकट, खाली पोकळ: सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांनी वाचाच

कोकण किनाऱ्यावरच्या एका एजंटाने फोटोंच्या जोरावर ४,३५,००० रुपयांना एसयूव्ही आमच्या गळ्यात मारली. टोकन २५,०००, बाकीचे ४,१०,००० ताबा घेताना. गाडी गॅरेजच्या लिफ्टवर चढली तेव्हा दरवाजाखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने फुटला. आत गंज, त्यावर पुट्टी आणि वरून ताजा काळा अंडरकोट, म्हणजे गाडीच्या तळाला मारायचा थर. पत्रा, वेल्डिंग, पेंट आणि ब्रेक पाइप मिळून ६८,५०० रुपयांचा खड्डा.

न बघता घेतली का, असं विचारणाऱ्यांनी ऐकावं. बघूनच घेतली. पण दाखवली दिवेलागणीला, नुकती धुतलेली, ओल्या अंगणात. त्या उजेडात भला मेकॅनिकही खालचा पत्रा तपासू शकत नाही, आणि वेळ एजंटानेच ठरवली होती.

गाडी रुबाबदार दिसावी म्हणून जे करतात, त्यानेच दोष झाकले जातात. कॅमेरा हेडलाइटच्या उंचीवर किंवा त्याहून खाली धरला की गाडी उंच, छाताड काढून उभी दिसते. बॉनेटचा वरचा भाग आणि टप मात्र फोटोत येतच नाहीत. २४ मिमीची लेन्स लावून जवळ गेलं की पुढचा भाग मोठा होतो, मागचा आकसतो. स्टिअरिंग असं वळवतात की अलॉय व्हील कॅमेऱ्यासमोर येतं आणि टायरची झीज पलीकडे जाते. सूर्य बुडाल्यावरच्या मऊ उजेडात पोचे उठून दिसत नाहीत, आणि त्याआधीच्या तांबूस उन्हात दोन वेगळ्या छटांचे रंग एकच वाटतात. पाणी मारलं की ओरखडे गेले. हेडलाइट पेटवले की पिवळी पडलेली काच कोण बघतो? मागे आरे-वारेचा समुद्र किंवा जांभ्याचा सडा (कातळाचं पठार) असला की नजर तिकडेच जाते. फोटोतली नंबर प्लेट पुसून टाकतात, म्हणजे दंडाची चलनं आणि मालकांची संख्या घरबसल्या तपासता येऊ नये. नंबर देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

खरं तर कळायला हवं होतं ते बाजूच्या फोटोत. आकाशाच्या प्रतिबिंबाची एक रेघ पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत जाते. मूळ पत्र्यावर ती सलग जाते, इथे मागच्या दरवाजावर थरथरत होती. थरथरली की खाली पुट्टी आहे असं समजा. मोबाइलच्या पडद्यावर ती रेघ केसाएवढी दिसते, आणि एजंट दर तासाला फोन करून कोल्हापूरचं गिऱ्हाईक थांबलंय म्हणून सांगत होता. खालच्या बाजूचा फोटो मागितला, आला सूर्यास्ताचा. टोकन त्यानंतर गेलं, याचाच संताप सर्वांत जास्त आहे.

खाऱ्या वाऱ्यात आणि पुळणीवर फिरलेली गाडी खालून आधी सडते: दरवाजाखालचा पत्रा, चाकांच्या कमानी, सायलेन्सर, ब्रेक पाइप, डिकीत स्टेपनीखालचा तळ. हे सगळं भर दुपारी, कोरड्या गाडीवर, लिफ्टवर चढवून बघा. लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवा. जाड पुट्टीवर तो धरत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं होतं, म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ आहे का तेही पाहाच.

तक्रारीला गेलं तर पोलीस ठाण्यात एकच उत्तर: "दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." ताजा अंडरकोट मारून गंज लपवणं आणि पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) कशासाठी आहे? वर उलट विचारणा, "सही करून घेतलीत ना?" अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. दुसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. परिवहन कार्यालयाचं म्हणणं, गाडी नावावर झाली, विषय संपला. लोकांचे लाखो रुपये जातात आणि कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावरही सरकत नाही!

टोकन द्यायचंच असेल तर पावतीवर लिहून घ्या: लिफ्टवर तपासणी होईल, गंज निघाल्यास पूर्ण परत. तो लिहून देत नसेल तर पाचशेही देऊ नका. जाहिरात, मूळ फोटो फाइल, चॅट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक पहिल्याच दिवशी जपून ठेवा, कारण एजंट जाहिरात लगेच काढतो. मोबाइलही बदलू नका: कोर्टात हे मांडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात ते कुठल्या उपकरणातून काढलं हे लिहावं लागतं.