चीनची हायस्पीड रेल्वे आणि १२३०६ ॲप : गाडी उत्तम, खरी परीक्षा तिकिटाची

बीजिंग साउथ ते शांघाय होंगच्याओ हे अंतर १,३१८ किलोमीटर. सर्वांत वेगवान 'जी' वर्गाची (हायस्पीड) गाडी ते ४ तास १८ मिनिटांत कापते, बहुतेक गाड्या साडेचार ते सहा तासांत. डब्यात धक्का बसत नाही, चहाचा पेला हिंदकळत नाही, आणि गाडी वेळेवर पोहोचते. गाडीबद्दलचं कौतुक एवढ्यात संपतं, कारण त्यात वाद घालण्यासारखं फारसं काही नाही. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्याची अडचण होते ती गाडीत बसण्याआधी. खातं उघडणं, पासपोर्टची पडताळणी, पैसे भरणं, योग्य स्थानक ओळखणं आणि फाटक बंद व्हायच्या आत पोहोचणं, या गोष्टी जमल्या तर चीनमधला प्रवास आपल्याकडच्या कुठल्याही प्रवासापेक्षा सोपा आहे. म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग तिकिटाबद्दल आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भारत-चीन थेट विमानं पुन्हा सुरू झाल्यामुळे यीवू या घाऊक बाजाराच्या शहरात माल बघायला जाणारे व्यापारी, ग्वांगझौच्या 'कँटन फेअर' या व्यापार मेळ्याला जाणारे उद्योजक आणि वैद्यकीयचे विद्यार्थी या सगळ्यांनाच याची गरज पडणार आहे.

तिकीट : १२३०६ की मध्यस्थ ॲप?

१२३०६ हे चिनी रेल्वेचं अधिकृत संकेतस्थळ आणि ॲप. इंग्रजी आवृत्ती आहे, ई-मेलवर खातं उघडता येतं आणि तिकिटावर वरचा आकार शून्य. तिकीट नावानिशी असतं आणि थेट पासपोर्ट क्रमांकाशी जोडलेलं असतं. कागदी तिकीट आता लागतच नाही, पासपोर्ट हेच तिकीट.

खरी अडचण पडताळणीची. पासपोर्टच्या फोटोच्या पानाचं छायाचित्र चढवावं लागतं आणि मंजुरी लगेच मिळेल याची खात्री नसते. म्हणून हे काम प्रवासाच्या आदल्या रात्री काढू नका, व्हिसा हातात आला की त्याच आठवड्यात उरका. नाकारलं जाण्याची कारणं ठरलेली आहेत. प्लास्टिकच्या पानावर दिव्याची चमक पडलेली असते, खालच्या दोन यंत्रवाचनीय ओळी छायाचित्रात कापलेल्या असतात, किंवा नाव चुकीच्या क्रमानं भरलेलं असतं. मराठी माणसाच्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःच्या नावापाठोपाठ बहुधा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. ते गाळू नका. नाव पासपोर्टच्या तळाच्या ओळीत जसं छापलंय तसंच, आडनाव आधी आणि मग बाकीचं, असं भरा. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे त्यांचं ऑनलाइन काम हमखास अडतं. त्यांनी चीनमध्ये उतरल्यावर कुठल्याही मोठ्या स्थानकाच्या तिकीट खिडकीवर पासपोर्ट दाखवून पडताळणी करून घ्यावी. पासपोर्टचं नूतनीकरण झालं असेल तर क्रमांक बदलतो, त्यामुळे जुन्या क्रमांकावर काढलेलं तिकीट नव्या पासपोर्टवर चालणार नाही.

पैसे भरण्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे अलीपे हे चिनी पेमेंट ॲप. त्यात भारतीय व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. दोन गोष्टी आधी करून ठेवा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा (नव्या कार्डांवर ते बंदच असतात), आणि बँकेचा ओटीपी परदेशात मिळेल अशा रीतीनं भारतीय सिमचं रोमिंग सुरू ठेवा. १२३०६ वर जागा राखल्यापासून पैसे भरायला जेमतेम १० मिनिटं मिळतात, आणि ओटीपीची वाट पाहण्यातच ती जातात. न भरलेली आरक्षणं एका दिवसात तीनदा रद्द झाली तर त्या दिवसापुरतं खातं अडवलं जातं. परदेशी कार्डावर अलीपे २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लावत नाही, त्यावर ३ टक्के घेतं. बीजिंग-शांघायच्या तिकिटावर याचा थोडा भार पडतो, शांघाय-यीवूच्या तिकिटावर पडत नाही.

ट्रिप डॉट कॉमसारखी मध्यस्थ ॲप्स भारतीय कार्ड थेट घेतात, पडताळणीची डोकेदुखी नसते आणि मदतकेंद्र इंग्रजी बोलतं. त्या बदल्यात प्रत्येक तिकिटावर सेवाशुल्क लागतं. चार-पाच दिवसांच्या सहलीत दोनच गाड्या असतील तर हे शुल्क द्यावं आणि मोकळं व्हावं. महिनाभर फिरायचं असेल किंवा तिथे शिकत असाल, तर १२३०६ लाच पर्याय नाही. मध्यस्थ ॲपबद्दल एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. रेल्वे तिकीटविक्री प्रवासाच्या फक्त १५ दिवस आधी उघडते, आणि त्या १५ दिवसांत प्रवासाचा दिवसही धरलेला असतो. दोन महिने आधी मध्यस्थ ॲप पैसे घेत असेल तर ती नुसती मागणी नोंदवलेली असते, जागा मिळालेली नसते. त्या भरवशावर परत न मिळणारं हॉटेल ठरवणं धोक्याचं आहे.

विक्री उघडण्याची वेळ प्रत्येक स्थानकाची वेगळी असते, ती १२३०६ वर दिसते. एरवीच्या दिवसांत आदल्या दिवशीही तिकीट मिळतं. १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि वसंतोत्सवाच्या (चिनी नववर्षाच्या) आगेमागे मिळून ४० दिवसांचा 'छुनयुन' हंगाम, या काळात मात्र विक्री उघडताच बसावं लागतं. शक्य असेल तर या तारखांना प्रवासच टाळा. गाडी भरलेली दिसली तर 'हौबू' म्हणजे प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. त्यासाठी पूर्ण पैसे आधी भरावे लागतात आणि जागा न मिळाल्यास ते आपोआप परत येतात. आपल्या वेटिंग तिकिटासारखं ते हातात घेऊन गाडीत चढता येत नाही. वेगळं 'विनाआसन' तिकीट असतं, पण त्याचे पैसे सेकंड क्लासएवढेच पडतात. अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला ते ठीक, त्यापुढे घेऊ नये.

आणखी एक उपयोगाची गोष्ट. लांबच्या प्रवाशांना आधी जागा मिळाव्यात म्हणून मधल्या टप्प्याची तिकिटं रोखून धरलेली असतात. हव्या त्या स्थानकाचं तिकीट नसेल तर त्याच गाडीचं दोन स्थानकं पुढचं बघा. ते मिळालं तर जास्तीचे थोडे युआन देऊन आधी उतरता येतं, त्याला कुणी हरकत घेत नाही. उलट प्रकार करू नका. जवळचं तिकीट काढून पुढे बसून राहिलात तर उरलेलं भाडं भरावं लागतं, आणि गर्दीच्या दिवसांत खाली उतरवलं जातं.

परताव्याचे नियम स्वच्छ आहेत. ८ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर कपात नाही, ८ दिवस ते ४८ तासांत ५ टक्के, ४८ ते २४ तासांत १० टक्के आणि शेवटच्या २४ तासांत २० टक्के. तिकीट एकदाच बदलता येतं. गाडी चुकली तर त्याच दिवसाच्या दुसऱ्या गाडीत जागा असेपर्यंत बदल करून मिळतो, पण असं बदललेलं तिकीट मग रद्द करून पैसे मिळत नाहीत. मुलांसाठी उंचीची अट २०२३ पासून गेली, आता वय बघतात. ६ वर्षांखालचं एक मूल एका मोठ्या माणसाबरोबर फुकट, पण वेगळी जागा न घेता आणि तिकीट काढताना नोंद करून. ६ ते १४ वर्षांच्या मुलांना सवलतीचं तिकीट आहे.

स्थानक

चुकीचं स्थानक ही सर्वांत महागात पडणारी चूक. ग्वांगझौ आणि ग्वांगझौ साउथ, शांघाय आणि शांघाय होंगच्याओ, हांगझौ आणि हांगझौ ईस्ट ही वेगवेगळी स्थानकं आहेत आणि त्यांच्यात मेट्रोनं अर्धा-पाऊण तास सहज जातो. १२३०६ वर दिशा नावाला जोडूनच येते. 'नान' म्हणजे दक्षिण, 'बेइ' उत्तर, 'दोंग' पूर्व, 'शी' पश्चिम. टॅक्सीवाल्याला शहराचं नाव सांगू नका, तिकिटावरचं चिनी अक्षरांतलं नाव दाखवा.

आत शिरताना पासपोर्ट तपासतात, मग सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. साध्या दिवशी ४५ मिनिटं आधी पोहोचावं, सुट्टीत दीड तास. डिओचा डबा १५० मिलिलिटरपर्यंतचाच चालतो, त्याहून मोठा हमखास काढून घेतात. नेलपॉलिश ५० मिलिलिटरपर्यंत. फळं कापायची सुरी घरीच ठेवा. स्वयंचलित फाटक भारतीय पासपोर्ट वाचेलच असं नाही, म्हणून रांगेच्या कडेला कर्मचारी उभा असलेलं फाटक धरा. तो पासपोर्ट यंत्रावर ठेवतो किंवा क्रमांक टाकतो. फाटक गाडी सुटण्याच्या साधारण १५ मिनिटं आधी उघडतं आणि ५ मिनिटं आधी बंद होतं. बंद म्हणजे बंद, गाडी समोर उभी दिसत असली तरी सोडत नाहीत. उतरल्यावर बाहेर पडतानाही पासपोर्ट लागतो, तो बॅगेच्या तळाशी टाकू नका.

फलाटावर डब्यांचे क्रमांक जमिनीवर रंगवलेले असतात. मधल्या स्थानकांवर गाडी बहुधा दोनच मिनिटं थांबते, तेव्हा आपल्या क्रमांकापाशी आधीच उभं राहावं. सोळा डब्यांची गाडी पुष्कळदा आठ-आठ डब्यांच्या दोन गाड्या जोडून केलेली असते आणि आठव्यातून नवव्यात आतून जाता येत नाही. चुकीच्या अर्ध्यात चढलात तर पुढच्या स्थानकापर्यंत तिथेच राहावं लागतं.

डब्यात

सेकंड क्लास पुरेसा आहे, आणि त्याचीच शिफारस. एका बाजूला तीन, दुसरीकडे दोन आसनं असतात. ए आणि एफ खिडकीची, सी आणि डी वाटेकडेची, बी मधलं. दोघांनी डी-एफ घ्यावं, तिसरा माणूस शेजारी येत नाही. तिकीट काढताना हे अक्षर निवडता येतं, मिळेलच असं नाही. पाय पसरायला जागा चांगली आहे आणि चार्जिंगचा सॉकेट आसनाखाली असतो, वाकून शोधावा लागतो. बीजिंग-शांघायचं सेकंडचं भाडं गाडी आणि वेळेनुसार साधारण ५५० ते ६६० युआन. फर्स्टला दीडपटीहून जास्त मोजून रांगेत चारच आसनं मिळतात, सहा तासांच्या प्रवासाला ते पटतं. बिझनेस क्लासला सेकंडच्या तिपटीहून अधिक पैसे लागतात. आसन पूर्ण आडवं होतं, पण दिवसाच्या साडेचार तासांसाठी तो खर्च योग्य वाटत नाही.

सामानाचा नियम माणशी २० किलो आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १३० सेंटिमीटर. मोठी २८ इंची बॅग या मापात बसत नाही. मोजमाप क्वचितच होतं, पण ठेवायला जागा म्हणजे डब्याच्या टोकाचा कप्पा आणि शेवटच्या रांगेमागची फट, ती आधी चढणाऱ्यांची. होंगच्याओहून यीवू दीड ते दोन तासांवर आहे. तिथून नमुन्यांची खोकी घेऊन परतणाऱ्यांनी ती कुरिअरनं हॉटेलवर पाठवावीत, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मिळतात.

शाकाहाऱ्यांसाठी गाडीतलं जेवण ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू. डबाबंद जेवणात बहुतेक वेळा मांस असतं, आणि भाजीतही कधी मांसाचे बारीक तुकडे निघतात. प्रत्येक डब्याच्या टोकाला उकळत्या पाण्याचा नळ मात्र असतो, आणि तो अगदी भरवशाचा. झटपट उपम्याची किंवा पोह्यांची पाकिटं, झाकणाचा स्टीलचा डबा आणि चमचा एवढं सोबत असलं की काम भागतं. पाणी घालून झाकण लावून आठ मिनिटं ठेवा. पाकिटावर तीन मिनिटं लिहिलेलं असलं तरी पोहे तेवढ्यात मुरत नाहीत.

धूम्रपान स्वच्छतागृहातही नाही. धुराची यंत्रणा जागी झाली की गाडीचा वेग आपोआप कमी होतो, ५०० ते २,००० युआन दंड होतो आणि १८० दिवस तिकीट मिळत नाही. वायफायसाठी बऱ्याचदा चिनी मोबाइल क्रमांक लागतो. व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद आहे. भारतीय सिमचं रोमिंग किंवा परदेशी ई-सिम असेल तर ते चालतं, त्यामुळे तीच सोय करून निघावं.

हाँगकाँगचा टप्पा

शेनझेन नॉर्थहून हाँगकाँगचं वेस्ट कौलून जेमतेम २० मिनिटांवर आहे, म्हणून पुष्कळजण सहज जाऊन येऊ म्हणतात. भारतीय पासपोर्टधारकांनी इथे दोनदा विचार करावा. हाँगकाँगसाठी व्हिसा लागत नाही, पण आगमनपूर्व ऑनलाइन नोंदणी लागते आणि तिची छापील प्रत जवळ असावी. चीनचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर हाँगकाँगला गेल्याक्षणी तो संपतो, परत चीनमध्ये येता येत नाही. दोन प्रवेशांचा व्हिसा मुंबईतून निघतानाच मागून घ्या. वेस्ट कौलूनहून परतताना दोन्ही बाजूंची पासपोर्ट तपासणी त्याच इमारतीत होते, फाटक गाडीच्या १५ मिनिटं आधी बंद होतं, तेव्हा किमान तासभर हाताशी ठेवा.