व्हिडिओ ॲपची तक्रार-सुविधा : पाचपैकी दोन तारे

एका लोकप्रिय व्हिडिओ ॲपची तक्रार-सुविधा मी २०२४ च्या श्रावणात वापरली. निमित्त माझ्या भाच्याचे. तो नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या एका ढोल पथकात वाजवतो. एका संध्याकाळी सरावाहून आल्यावर बोटांवरच्या चिकटपट्ट्या सोडवता सोडवता त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मावशी, शिस्त बघ ना यांची! आमच्या दोन रांगासुद्धा सरळ राहत नाहीत." पांढऱ्या कापडाने तोंडे झाकलेले, गडद निळे शर्ट आणि खाकी पँट घातलेले तरुण ढाली घेऊन एका अमेरिकी शहरातून चालले होते, वर ताशाची तर्री जोडलेली आणि खाली मराठीत 'संघटन असावे तर असे'.

ही पॅट्रियट फ्रंट. ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्याच्या वेळी विरोधी निदर्शकांवर गाडी घालून हेदर हायर हिला ठार मारण्यात आले, त्यानंतर व्हॅनगार्ड अमेरिका या गटातून फुटून ही संघटना निघाली. अमेरिका युरोपीय वंशाच्या गोऱ्यांचीच, असे ती मानते. त्या हिशेबाने न्यू जर्सीत वीस वर्षे राहिलेला भाच्याचा सख्खा काका तिथे उपराच. तिचे मोर्चे मुळात कॅमेऱ्यासाठी असतात : अचानक यायचे, चालायचे, चित्रण करून निघून जायचे. जून २०२२ मध्ये आयडाहोतील कूर दालेन येथे समलिंगी व तृतीयपंथी समुदायाच्या प्राइड कार्यक्रमाजवळ पोलिसांनी भाड्याचा एक ट्रक अडवला, तेव्हा मागच्या बंद भागातून ढालींसकट ३१ जण निघाले. हा प्रसंग अर्थातच भाच्याने पाहिलेल्या व्हिडिओत नव्हता.

तक्रारीचा अर्ज मराठीत आहे आणि मराठी समजण्याजोगे आहे, हे आधी मान्य करते. मात्र कारणांच्या यादीत 'द्वेषपूर्ण मजकूर' निवडल्यावर हे लोक कोण, हे लिहायला जागाच नाही. दुसऱ्या दिवशी 'नियमभंग आढळला नाही' असे उत्तर आले. मग मी तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केला. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत होती. पोच वेळेत आली, चौदाव्या दिवशी व्हिडिओही हटला. तोवर तेच चित्रण दुसऱ्या दोन खात्यांवर, वेगळ्या ठेक्यावर फिरत होते.

गंमत अशी की ॲपमध्ये संघटनेचे नाव शोधले तर काहीच सापडत नाही, म्हणजे बंदी आहे, पण ती नावावर. प्रती ओळखणे अशक्य असते, तर मी गप्प बसले असते. मार्च २०१९ मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याचे चित्रण फेसबुकने पहिल्या २४ तासांत १५ लाख वेळा काढले आणि त्यांतील १२ लाखांहून अधिक प्रती चढतानाच अडवल्या. काटछाट केलेल्या काही प्रती तरीही निसटल्या, हे खरे. गोऱ्यांचा राष्ट्रवाद हा वर्चस्ववादाहून वेगळा, असे त्या कंपनीचे तोवरचे धोरण होते. हल्ल्यानंतर बाराव्या दिवशी तिने दोहोंवर बंदी जाहीर केली.

एक तारा मराठी अर्जासाठी, दुसरा मुदतीत उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यासाठी. कोणाला तक्रार करायचीच असेल तर थेट ईमेल करावा, संघटनेचे नाव, व्हिडिओतील नेमका सेकंद आणि सापडलेल्या सगळ्या प्रतींचे दुवे एकाच पत्रात द्यावेत. मी एकच दुवा दिला होता.