१ रुपयाची कादंबरी मला ४,५९७ रुपयांना पडली

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत बावीस वर्षं हिशेब लिहितोय. दुसऱ्याच्या बिलात दोन रुपयांचा फरक असला तरी मला दिसतो. म्हणून तर लाज जास्त वाटते.

वाचायचं वेड जुनं. पण काम सुटेस्तोवर आठ वाजतात, त्यात करवीर नगर वाचन मंदिराची वर्गणी थकली ती थकलीच. मग रात्री मोबाईलवर फुकटच्या कादंबऱ्या शोधायच्या. त्यात एक जाहिरात दिसली. दहा हजार मराठी कादंबऱ्या, आजीव सभासदत्व ९९ रुपये. भरले. ग्रुपमध्ये घेतलं, पीडीएफ यायला लागल्या. एकेक पान मोबाईलनं फोटो काढलेलं, कडेला कुणाचातरी नेलपॉलिश लावलेला अंगठा, पहिल्या पानावर कुठल्याशा वाचनालयाचा शिक्का.

तो अंगठा बघूनच थांबायला हवं होतं मी. यादीत वि. स. खांडेकरांपासून आज हयात असलेल्या लेखकांपर्यंत सगळे. खांडेकर १९७६ साली गेले. लेखक गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइटचा हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या पुस्तकांवर २०३६ अखेरपर्यंत. हे मला माहीत होतं! चोरीचा माल आहे हे कळत होतं आणि तरी मी घेत होतो. चोर माझ्याशी तेवढा सरळ वागेल असं का वाटलं, देव जाणे.

बाराव्या पानावर फाईल संपली. पुढचं वाचायला अ‍ॅप घ्या, ७ दिवस फक्त १ रुपया. १ हा आकडा ठळक. खाली फिक्या करड्या अक्षरांत 'दर आठवड्याला १,४९९ पर्यंत'. १ रुपयासाठी कोण चष्मा शोधतो हो? टाकला पीन. तो पीन १ रुपयाचा नव्हता, ऑटोपेच्या मंजुरीचा होता. ती एकदा दिली की पुढच्या हप्त्यांना पीन विचारत नाहीत. तीन आठवडे १,४९९ कापले. कापायच्या आधी मेसेज येतो, मलाही आले होते. कर्जाच्या जाहिरातींबरोबर मीच पुसले ते.

तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपे आत्ता उघडून बघा, नंतर नको. ओळखीचं नसेल ते रद्द करा.

बँकेत गेलो तर म्हणाले, कंपनीशी बोला. कंपनीचा नंबर बंद. पुन्हा गेलो तर म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला तर पासबुक भरून आणा. पासबुकाचं मशीन बंद! पोलीस ठाण्यात दीड तास बाकड्यावर बसवलं. "पीन तुम्हीच टाकलाय न्हवं? मग फसवणूक कसली?" शेजारच्या गृहस्थाचे अठरा लाख गेलेले, त्यांच्यापुढं माझी रक्कम सांगतानाच आवाज बसला. हवालदार हसत म्हणाला, "सोडा की वो, पुस्तकच वाचायला गेलता." म्हणजे चोरी ठरायला किती जावे लागतात? रेट ठरलाय का? शेवटी तक्रार घेतली, तीही 'हद्द आमची नाही' असं दोनदा ऐकवून.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० या नंबरवर, फोन करा. मी तीन आठवडे घालवले.

आणि फुकटच वाचायचं असेल तर चोराकडं जायची गरजच नाही. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क कधीच संपलाय. असं जुनं साहित्य मराठी विकिस्रोत या वेबसाइटवर आहे. ई-साहित्य प्रतिष्ठानची पुस्तकं लेखकांच्या संमतीनं मोफत मिळतात. दोन्हीकडं पीन लागत नाही. हे मला एक महिना आधी कुणी सांगितलं असतं तर... सांगितलं होतं खरं तर, पुतण्यानं. मीच ऐकलं नाही.

परवा एक फोन आला. "सर, तुमचे ४,५९७ परत मिळवून देतो, पडताळणीसाठी आधी १ रुपया पाठवा." आकडा बरोबर सांगितला त्यानं. तो आकडा मी बँक आणि पोलीस सोडून कुणालाच सांगितला नव्हता, घरीसुद्धा नाही.